तबकडीवरील पाठ आणि उत्तरकालीन गायक

रिसोड तालुका आज वाशीम जिल्ह्यात आहे. परंतु १ जुलै १९९८ रोजी तो जिल्हा निराळा होण्यापूर्वी कित्येक दशके हा मुलूख अकोला जिल्ह्यातच मोडत असे. हे आरंभीच सांगण्याचे कारण इतकेच की, कै. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० रोजी ज्या मूर्तिजापुरास झाला, ते गावही त्याच जिल्ह्यातले. रिसोडकरांनी त्यांस आपले जिल्हाबंधू म्हटले तर ते वावगे होणार नाही. जिल्ह्याच्या इतिहासाची साधने जमविताना आपण शिलालेख, सनदा व महजर पाहतो. गवयाचा गळा हेही एक साधन आहे, असे मात्र सहसा मनात येत नाही. गळा माणसाबरोबर जातो, हे खरेच. परंतु तबकडी आली आणि गळ्याचाही दस्तऐवज होऊ लागला. सबब दस्तऐवजांस लावावयाच्या कसोट्या येथेही लावून पाहाव्या, असा प्रस्तुत लेखकाचा मानस आहे.

वसंतरावांचे बालपण नागपुरास गेले. तेथे शंकरराव सप्रे यांच्यापाशी त्यांचे शिक्षण झाले. पुढे लाहोरास असद अली खाँ यांची तालीम मिळाली. पोटासाठी त्यांनी पुण्यास लष्करी हिशेबखात्यात दीर्घकाळ नोकरी केली. मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांच्या गायकीचा त्यांच्यावरील ठसा सर्वमान्य आहे. मात्र तो नकलेचा ठसा नव्हे. दीनानाथांच्या तबकड्यांची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तेवढ्या अवकाशात जे मावले ते बीज होय. वसंतराव त्याचा विस्तार तास तास करीत, आणि मूळ चाल ओळखू येत असूनही ते गाणे सर्वस्वी त्यांचेच होऊन जाई. पूर्वसूरींस वाहिलेली आदरांजली कशी असावी, याचा हा पहिला दाखला.

२४ डिसेंबर १९६७ रोजी 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगभूमीवर आले. बालगंधर्व त्याच वर्षीच्या जुलैत निवर्तले होते, हा योगायोग ध्यानी ठेवण्याजोगा आहे. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. आणि खाँसाहेब आफताब हुसेन ही भूमिका वसंतरावांची. घराण्यांच्या कलहावर रचलेल्या या नाटकाचा प्रमुख गायक स्वतः कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणारा असावा, यात एक मौज आहे.

३० जुलै १९८३ रोजी वसंतराव वारले, तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते. समोर बसून तालीम घेण्याचा प्रश्नच नव्हता. आजोबा त्यांस लाभले ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून. २०१० च्या सुमारास 'कट्यार' पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेबांची भूमिका त्यांनी केली. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांचा अभिनय सचिन पिळगावकरांचा, परंतु गळा राहुल देशपांडे यांचा होता. पुढे १ एप्रिल २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या 'मी वसंतराव' या चित्रपटात ते स्वतःच आजोबा होऊन उभे राहिले.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुरुष पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार २०११ सालासाठी 'बालगंधर्व' चित्रपटाकरिता आनंद भाटे यांस, २०१५ सालासाठी 'कट्यार'करिता अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांस, आणि २०२० सालासाठी 'मी वसंतराव'करिता राहुल देशपांडे यांस मिळाला. दहा वर्षांत तीन मराठी गायकांचा गौरव झाला, आणि तिन्ही वेळा गाणे पूर्वजांच्या छायेतले! यात अभिमानाचा भाग आहे तसा चिंतेचाही. कारण नवे संगीत नाटक त्या काळात किती लिहिले गेले, हा प्रश्न लागलीच पुढे येतो.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच नव्हे. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात पाश्चात्य रॉक संगीताची एक प्रयोगशील शाखा फोफावली होती. बो हान्सन, काइपा इत्यादी नावे त्यातली. पुढे ती मागे पडली. १९९१ साली स्थापन झालेल्या एंगलागोर्ड नामक वाद्यवृंदाने पुढच्याच वर्षी 'हिब्रिस' ही तबकडी काढून ते जुने नादविश्व पुन्हा उभे केले. अनेकडोटेन या दुसऱ्या वृंदाने तर आरंभ किंग क्रिमसन या इंग्रज वृंदाची गाणी वाजवूनच केला होता. या मंडळींनी मेलोट्रॉन नावाचे १९६० च्या दशकातील वाद्य मुद्दाम हुडकून वापरले. त्याची प्रत्येक पट्टी दाबली असता आतील फीत सुमारे आठ सेकंद वाजते. म्हणजे वाद्याच्या पोटातच ध्वनिमुद्रण! तबकड्या ऐकून तयार झालेल्या पिढीला हेच वाद्य प्रिय व्हावे, हे स्वाभाविक होय.

वऱ्हाडच्या वाचकास मात्र याहून जवळचा दृष्टांत ठाऊक आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली, आणि शिष्यांनी ती स्मरणाने पुन्हा सिद्ध केली. त्यातूनच निरनिराळे पाठ उत्पन्न झाले. त्या पाठांस आपण नकला म्हणून टाकून देत नाही. उलट भेद कोठे व का पडला हे तपासतो. 'कट्यार' चित्रपटात अभिषेकींच्या चालींशेजारी शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली आल्या, त्या संशोधकाच्या भाषेत प्रक्षेप होत. पण ते उघड्यावरचे प्रक्षेप आहेत, लपविलेले नव्हेत. खरी अडचण निराळीच आहे. तबकडीवरील तान एकदाच, त्या दिवशी, त्या श्रोत्यांपुढे सुचलेली असते. ती जशीच्या तशी घोटली म्हणजे शब्द शुद्ध उतरतो. मात्र ज्या उत्स्फूर्ततेने ती निघाली तीच नेमकी गळते. राहुल देशपांडे यांच्या मैफलीत दोन्ही आढळते: काही जागी आजोबांची हरकत तंतोतंत येते, तर काही जागी गायक ती वाट मध्येच सोडून देतो. प्रस्तुत लेखकास हे दुसरे गाणे अधिक मोलाचे वाटते, कारण दीनानाथांच्या चालीशी वसंतराव असेच वागले होते.