निशाचरांचा अनुराग : ‘सेतुबंधा’तील लंकेची रात्र

रिचर्ड बर्टन याने १८७० मध्ये वेताळकथा इंग्रजीत नेताना वेताळाला ‘व्हँपायर’ हे नाव दिले. पुढे ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि रक्तपिपासू प्रियकराची एक प्रतिमा जगभर रूढ झाली. मराठीत मात्र सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ त्याच्या कितीतरी आधी, १८३० मध्ये, आलेली होती. आणि तीमधील वेताळ हा प्रेतात वस्ती करणारा, कोडी घालणारा, एक प्रकारचा नैयायिकच आहे. बर्टनचे समीकरण त्यामुळे फारसे जुळत नाही. रात्री संचार करणारा, रक्तमांसावर जगणारा, रूप पालटणारा आणि शिवाय मायाविद्येत निष्णात असा जीव भारतीय परंपरेत शोधावयाचा तर तो राक्षस होय. युरोपीय कल्पनेने ज्या दोन व्यक्तिरेखा वेगळ्या ठेवल्या, रक्तप्राशक आणि मांत्रिक, त्या येथे एकाच देहात नांदतात. या निशाचरांच्या प्रणयाचे, तेही ऐन युद्धाच्या तोंडावर, विस्तृत चित्रण ज्या काव्यात आढळते ते काव्य विदर्भातील आहे आणि महाराष्ट्री प्राकृतात आहे, याची नोंद आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.

‘सेतुबंध’ अथवा ‘रावणवहो’ हे पंधरा आश्वासकांचे काव्य वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे. त्याचा काळ स्थूलमानाने पाचव्या शतकाचा पूर्वार्ध. तो दुसऱ्या रुद्रसेनाचा आणि गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा पुत्र. दंडीने महाराष्ट्रीला श्रेष्ठ प्राकृत ठरविताना याच काव्याचा दाखला दिला. बाणाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी प्रवरसेनाची कीर्ती सागरापार गेल्याचे म्हटले. अकबराच्या काळात, १५९५ मध्ये, ‘रामसेतुप्रदीप’ ही टीका लिहिणाऱ्या रामदासाने मात्र या काव्याचे कर्तृत्व कालिदासाकडे सोपविले. राजाच्या नावावरील उत्तम काव्य राजाचे नसावे, हा संशय आपल्याकडे जुनाच आहे.

प्रवरसेनाने आपली राजधानी नंदिवर्धनाहून स्वतः वसविलेल्या प्रवरपुरास नेली. वा. वि. मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या काठी असलेले पवनार, असे प्रतिपादन केले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे तेथे उत्खनन झाले. विनोबा भावे १९३८ मध्ये तेथे राहावयास आल्यानंतर जमीन खणताना शिल्पपट सापडले. मिराशींनी त्यांत रामकथा पाहिली, इतर अभ्यासकांनी काही पटांत कृष्णकथा. रामटेकजवळील मनसर येथील उत्खननानंतर प्रवरपूर तेथे असावे, हे मत पुढे आले आणि वाद अद्याप मिटलेला नाही. शिवाय काव्याच्या प्रारंभी कवीने ते ‘अभिनव राजा’ने आरंभिल्याचे सूचित केले आहे. हा शब्दार्थ सरळ घेतला तर काव्याचा आरंभ नंदिवर्धनास झाला असणेच संभवते. कारण प्रवरपुराहून दिलेला प्रसिद्ध चम्मक ताम्रपट त्याच्या अठराव्या राज्यवर्षाचा आहे. पवनारचा आणि काव्याचा संबंध आहे तो कवीचा आहे, काव्याच्या जन्मस्थळाचा असेलच असे नाही.

काव्याचा दहावा आश्वासक ‘कामिनीकेली’ म्हणून ओळखला जातो. सेतू बांधून झाला आहे, वानरसैन्य सुवेल पर्वतावर उतरले आहे, दुसरा दिवस युद्धाचा. येथे कवी थांबतो. सूर्यास्त होतो, अंधार पसरतो, चंद्र उगवतो, आणि काव्याची दृष्टी रामाच्या तळावर न राहता शत्रूच्या नगरीत शिरते. लंकेतील स्त्रिया, त्यांचा मान, दूतींची जा-ये, रुसवा विसरून झालेले मीलन, यांचे वर्णन शृंगाराच्या सर्व मान्य संकेतांनी केले आहे.

महाकाव्यात चंद्रोदय, मधुपान, रतोत्सव यांची वर्णने असावीत असा दंडीचा दंडकच आहे, तेव्हा प्रवरसेनाने परिपाठ पाळला, इतकेच, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु दंडी प्रवरसेनानंतरचा, आणि परिपाठ मान्य केला तरी मूळ प्रश्न उरतोच. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त जे प्रणयी आहेत ते अप्सरा व गंधर्व, माघाच्या ‘शिशुपालवधा’त ते कृष्णाच्या सैन्यातील यादव. रतिवर्णनाचा मान सामान्यतः नायकाच्या पक्षाकडे किंवा देवयोनींकडे जातो. ‘सेतुबंधा’त तो प्रतिनायकाच्या प्रजेकडे गेला आहे. भट्टीनेही आपल्या काव्याच्या अकराव्या सर्गात लंकेतील प्रभात व प्रणयी जन वर्णिले, पण ती वाट प्रवरसेनाने आधीच पाडलेली होती. वाल्मीकीकडे पाहावे तर सुंदरकांडात हनुमान रावणाच्या अंतःपुरातील निद्रिस्त स्त्रिया पाहतो. तेथे पाहणारा शत्रुपक्षाचा दूत आहे, आणि त्याला त्या पाहण्याचाही संकोच वाटतो. प्रवरसेनाने हा मधला द्रष्टाच काढून टाकला. लंकेची रात्र लंकेतूनच दिसते.

आणखी एक गोष्ट भाषेची. महाराष्ट्रीत दोन स्वरांमधील ‘क’ आणि ‘च’ हे दोन्ही लोप पावतात. त्यामुळे संस्कृतातील ‘रजनीकर’ आणि ‘रजनीचर’ यांचे प्राकृतात एकच रूप होते, ‘रअणिअर’. चंद्राचे नाव आणि राक्षसाचे नाव कानाला वेगळे लागत नाही. कवीने या श्लेषाचा प्रत्येक वेळी हेतुतः उपयोग केला असे म्हणावयाचे कारण नाही. पण ज्या भाषेत तो लिहीत होता तीच रात्र उजळविणाऱ्याला आणि रात्री फिरणाऱ्याला एका शब्दात बांधीत होती. संस्कृतात अनुवादलेल्या ‘सेतुबंधा’त, आणि रामदासाच्या छायेतही, ही शक्यता नाहीशी होते. प्राकृत काव्ये संस्कृत छायेतून वाचण्याची आपल्या विद्यापीठांतील सवय किती महाग पडते, याचे हे एक लहानसे उदाहरण.

या वर्णनात बीभत्साला जवळजवळ थारा नाही, ही बाब विदर्भाच्याच दुसऱ्या एका कवीशी तुलना केली म्हणजे नीट ध्यानात येते. पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात स्मशान दाखविले आहे. तेथे पिशाचांगना आपल्या प्रियकरांसह कवटीच्या पेल्यातून मज्जेचे मद्य पितात, आतड्यांची मंगलसूत्रे ल्यालेल्या असतात. शृंगाराची सारी सामग्री तेथे आहे, फक्त ती उलटी करून मांडली आहे. त्यांच्या प्रेमाकडे पाहून प्रेक्षकाला शिसारी यावी, अशीच योजना. प्रवरसेनाच्या निशाचरी अशा नाहीत. त्या रक्त पिणाऱ्यांच्या कुळातल्या आहेत हे वाचकाने विसरावे असे कवीने म्हटलेले नाही, पण आठवावे असेही त्याने काही केलेले नाही.

मग या प्रेमाला शास्त्रात स्थान कोणते? विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसाभासाची जी स्थाने सांगितली त्यांत प्रतिनायकनिष्ठ रती आहे आणि अधमपात्रगत रतीही आहे. हा निकष लावला तर संपूर्ण दहावा आश्वासक शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास ठरेल. अभिनवगुप्ताचा निकष अधिक सूक्ष्म आहे. रसाभासाचे उदाहरण म्हणून त्याने रावणाची सीतेविषयीची आसक्ती घेतली. जो श्लोक तो विचारात घेतो त्यात सीतेचे नाव रावणाला मोहनमंत्रासारखे भासते. मायावी स्वतःच मंत्राने भारला जातो. येथे आभास उत्पन्न होतो तो पात्र राक्षस आहे म्हणून नव्हे, तर रती एकाच बाजूला आहे आणि रावणाला ते कळत नाही म्हणून. हा भेद मानला की दहाव्या आणि अकराव्या आश्वासकांची जोडणी अर्थपूर्ण होते.

दहाव्यात निशाचर दांपत्यांची परस्परांवरील प्रीती. अकराव्यात लगेच रावणाची एकाकी तळमळ. एकाच नगरीत, एकाच रात्री, त्याच्या प्रजेला जे सहज मिळते ते राजाला मिळत नाही. आणि मिळत नाही म्हणूनच तो मायेचा आश्रय करतो: रामाचे खोटे, छिन्न मस्तक सीतेपुढे ठेवले जाते. ‘सेतुबंधा’त मायाविद्या प्रेमाच्या सेवेत येते ती प्रेमाच्या अभावी, हे येथे स्पष्ट दिसते. ज्या निशाचरांना प्रेम लाभले आहे त्यांना त्या रात्री कोणतीही माया करावी लागत नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त, रसात बुडालेल्या कवीकडे अलंकार आपण होऊन धावत येतात हे सांगताना, मायाशिर पाहून विव्हळ झालेल्या सीतेचा हाच प्रसंग ‘सेतु’मधून निवडला. वाल्मीकीच्या युद्धकांडात हे मस्तक विद्युज्जिह्व नावाचा मायावी घडवितो आणि सरमा सीतेचे सांत्वन करते. प्रवरसेनाने सांत्वनाचे काम त्रिजटेकडे दिले. त्रिजटा निशाचरीच. मायेचा भेद करणारा शब्द त्याच कुळातून येतो, पण तो पुरत नाही. वानरसैन्याचा कोलाहल कानी पडतो तेव्हाच सीतेला धीर येतो. या काव्यातील रामाच्या अनुरागाची खूण युद्धाच्या आवाजातून पोहोचते आणि निशाचरांचा अनुराग त्याच आवाजाने संपुष्टात येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि कवीने एकीसाठी दुसरी झाकलेली नाही.

राजाने शत्रूच्या घरातील रात्र इतक्या समभावाने लिहावी, याचा उलगडा त्याच्या चरित्रातून करण्याचा मोह होतो. चम्मक ताम्रपटात हजार ब्राह्मणांना दान देताना ज्या अटी घातल्या आहेत त्यांत राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, यांबरोबर संग्राम करू नये, अशीही एक आहे. तिचा अर्थ शांतिप्रियता असा घेणे भाबडेपणाचे होईल. दानभोग्यांनी शस्त्र धरू नये, एवढीच राजनीती तीत आहे. पवनारला पुढे जो युद्धविरोध खरोखर उच्चारला गेला तो १७ ऑक्टोबर १९४० रोजी, विनोबांच्या वैयक्तिक सत्याग्रहातील भाषणात. त्याचे धागे पंधराशे वर्षे मागे ओढून प्रवरसेनाला जोडू नयेत. प्रवरसेन युद्ध नाकारीत नाही. तेराव्या आश्वासकापासून त्याने ते पुष्कळ उत्साहाने वर्णिले आहे.

काव्याच्या रचनेतील पुरावा मात्र चरित्रापेक्षा भक्कम आहे. प्राचीन कवी सर्गान्ती एखादा विशिष्ट शब्द योजून काव्यावर आपली मुद्रा उमटवीत. हेमचंद्राने या संदर्भात सर्वसेनाची मुद्रा ‘उत्साह’ आणि प्रवरसेनाची ‘अनुराग’ अशी नोंद केली आहे. सर्वसेन हा वाकाटकांच्याच वत्सगुल्म शाखेचा, ‘हरिविजया’चा कर्ता. वीराला शोभणारा शब्द त्याने घेतला. प्रवरसेनाने युद्धकाव्याच्या प्रत्येक आश्वासकाच्या अखेरीस अनुराग ठेवला; आणि शेवटच्या श्लोकात काव्याचे नाव सांगताना ‘रावणवध’ आणि ‘अनुरागांक’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणले. रावणाच्या मृत्यूनंतर बिभीषण शोक करतो तोही याच पंधराव्या आश्वासकात. ‘सेतुबंधा’तील अनुराग म्हणजे केवळ रामाचे सीतेवरील प्रेम, असा अर्थ टीकाकारांनी बहुधा गृहीत धरला आहे. दहाव्या आश्वासकाच्या अखेरीसही तीच मुद्रा आहे, आणि तेथे प्रेम करणारे निशाचर आहेत.