थॉर आणि ओडिन माहीत आहेत, पण पारी कुपार लिंगो माहीत आहे का?

मोबाईलवर ब्लूटूथ सुरू करताना जे निळं चिन्ह दिसतं, ती खरं तर दोन जुनी अक्षरं आहेत. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता आणि त्याचं टोपणनाव होतं ब्लूटूथ. त्याच्या नावाची दोन आद्याक्षरं व्हायकिंगांच्या 'रून' लिपीत एकमेकांवर ठेवली की हे चिन्ह तयार होतं.

व्हायकिंग आपल्या रोजच्या जगण्यात असे येऊन बसलेत. थॉरचा हातोडा, एका डोळ्याचा ओडिन, खोडकर लोकी हे सगळे सिनेमांमुळे चंद्रपूरच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण त्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तितकीच मोठी, तितकीच गुंतागुंतीची एक पुराणकथा आजही गायली जाते. ही कथा आहे गोंडांच्या पारी कुपार लिंगोची.

लिंगोची गोष्ट काय आहे?

गोष्ट गावागावांत थोडी बदलते. सगळ्यात आधी छापली गेलेली कथा साधारण अशी आहे.

महादेवाने गोंडांना निर्माण केलं, पण त्यांच्या वागण्याला तो कंटाळला. त्याने एक खार तयार करून त्यांच्यासमोर सोडली. खारीचा पाठलाग करत गोंड एका गुहेत शिरले आणि महादेवाने गुहेच्या तोंडावर भलामोठा दगड बसवला. बाहेर उरले फक्त चार भाऊ. पुढे फुलातून लिंगोचा जन्म झाला. त्याने या चौघांना शेती शिकवली आणि एका राक्षसाच्या शेतातून विस्तव मिळवून दिला. त्या राक्षसाच्या सात मुली भावांच्या घरी आल्या. त्यांनी लिंगोवर खोटा आळ घेतला आणि भावांनी त्याला ठार मारलं. देवाने अमृत पाठवून त्याला पुन्हा जिवंत केलं.

भावांवर सूड न घेता लिंगो कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघाला. त्यासाठी महादेवाने त्याला एका राक्षसी पक्ष्याची पिल्लं आणायला सांगितलं. ही पिल्लं खाऊन टाकणाऱ्या महाकाय सापाला लिंगोने मारलं आणि कृतज्ञ पक्ष्याने त्यालाच पाठीवर बसवून महादेवाकडे नेलं. गुहा उघडली, गोंड बाहेर आले. लिंगोने त्यांची कुळं पाडली, देव आणि लग्नाचे नियम सांगितले आणि तो दिसेनासा झाला.

नॉर्स कथांतही खार आहे, ती विश्ववृक्षावर निरोपांची ने-आण करते. पृथ्वीला वेढून बसलेला महासर्पही आहे. पण यावरून दोघांचा जुना संबंध होता असं समजायचं कारण नाही. जंगलात राहणाऱ्या माणसांच्या गोष्टींत खार, साप, पक्षी आणि झाडं येणारच.

ही गोष्ट लिहिली कोणी?

स्टीफन हिस्लॉप हे नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी एका परधानाकडून लिंगोचं गाणं उतरवून घेतलं. 1863 साली टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यात हे गाणं आलं.

आता आइसलँडकडे पाहा. तिथे इसवी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला गेला. त्यानंतर साधारण सव्वादोनशे वर्षांनी स्नोरी स्टुर्लुसन या विद्वानाने जुन्या देवांच्या कथा 'एडा' या ग्रंथात लिहिल्या. तो स्वतः ख्रिस्ती होता. म्हणजे ओडिन आणि थॉरविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यांची पूजा न करणाऱ्या माणसाच्या लेखणीतून आलंय.

लिंगोच्या पहिल्या छापील कथेचंही तेच. ती बाहेरच्या माणसाने, बाहेरच्या नजरेने लिहिली. त्यातले गोंड घाणेरडे आणि काहीही खाणारे आहेत, म्हणून महादेव त्यांना शिक्षा करतो. कोया पुनेम, म्हणजे गोंडी धर्म मानणारे अनेकजण आज ही कथा वेगळ्या तऱ्हेने सांगतात. त्यांच्या कथनात गुहेत कोंडली गेली ती कली कंकाली या मातेची 33 मुलं. जंगो रायताड त्यांची काळजी घेते. हिरासुका पाटालीर किंगरी वाजवत दगड हटवतो आणि त्याच दगडाखाली प्राण देतो. लिंगो त्या मुलांचा गुरू होतो. इथे शिक्षा झालेले अपराधी नाहीत, सुटका झालेली मुलं आहेत.

कोणती कथा 'खरी' हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. कथा कोण सांगतंय यावर त्यातला माणूस कसा दिसतो ते ठरतं, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

परधान म्हणजे कोण?

व्हायकिंग राजांच्या दरबारात 'स्काल्ड' नावाचे कवी असत. राजाचे पराक्रम आणि वंशावळ ते तोंडपाठ म्हणत. गोंडांकडे हे काम परधानांचं. किंगरी हे तंतुवाद्य वाजवत ते कुळांची उत्पत्ती, देवांच्या कथा आणि राजांचे इतिहास गातात. प्रत्येक परधान घराण्याची ठरलेली गोंड यजमान घराणी असतात. ग्रंथ नसलेल्या धर्माचा ग्रंथ म्हणजे परधानाचा गळा.

ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940 च्या दशकात चंद्रपूरला लागूनच्या आदिलाबादमध्ये राहिले. त्यांनी या कथा आणि विधी नोंदवले आणि 1948 मध्ये राजगोंडांवरचं त्यांचं पुस्तक आलं.

चार, पाच, सहा, सात देव म्हणजे काय?

लिंगोने घालून दिलेली व्यवस्था आजही लग्नं ठरवताना चालते. गोंड कुळं चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत विभागलेली आहेत. या गटाला 'सगा' म्हणतात. एकाच सगातले लोक भाऊबंद, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही. गंमत म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांनाही 'सागा' म्हणतात. तिथे त्याचा अर्थ 'सांगितलेली गोष्ट'. हे साम्य निव्वळ योगायोगाचं आहे.

कुळांना झाडं आणि प्राणीही जोडलेले असतात आणि आपल्या कुळाच्या प्राण्याला मारायचं नसतं. सर्वोच्च देव पेरसा पेन, त्याचा वास ऐनाच्या म्हणजे साजाच्या झाडात मानतात.

राज्य गेलं, गोष्ट का राहिली?

इतिहासकार व्हायकिंग युग साधारण 793 ते 1066 असं मोजतात. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न मठावरच्या हल्ल्याने ते सुरू झालं, स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईने संपलं. तोपर्यंत जुने देवही मागे पडत चालले होते.

चांद्याचं गोंड राज्य कित्येक शतकं टिकलं. राजधानी सिरपूरहून बल्लारपूरला आणि तिथून चंद्रपूरला आली. चंद्रपूर वसवण्याचं श्रेय खांडक्या बल्लाळशहाला दिलं जातं. जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजे, किल्ल्याचा परकोट, राणी हिराईने बांधलेली बीरशहाची समाधी ही त्या राज्याची आजची खूण. 1751 मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी ते राज्य घेतलं. पुढे इंग्रज आले आणि त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी झाली.

राज्य गेलं तरी देव मात्र गेले नाहीत. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेत मोठी यात्रा भरते. लिंगोने मुलांना सोडवलं ती गुहा हीच, अशी श्रद्धा आहे. पुस महिन्यात जिवतीच्या डोंगराळ भागातले लोक तेलंगणाच्या सीमेवरच्या जंगुबाईच्या गुहेत जातात. भामरागड भागात माडिया लोक आजही मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवतात. स्वीडनमधले रूनदगडही बहुतेक मृतांच्याच स्मृतीसाठी उभारले होते, पण ते आता जुना वारसा म्हणून जपले जातात. भामरागडचे दगड उभारणारी माणसं आपल्यात आहेत.

मग काळजी कशाची?

काळजी भाषेची आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 30 लाख लोक होते. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गोंडी ही तेलुगू-तमिळच्या द्रविड कुळातली. मुलं मराठी, हिंदी किंवा तेलुगू शाळेत गेली की घरातली गोंडी मागे पडते आणि गोंडीतलं गाणं कळणारा श्रोताही कमी होतो. ऐकणारा नसेल तर परधान गाणार कोणासाठी?

प्रयत्न सुरू आहेत. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेमवर आयुष्यभर लिहिलं. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली. आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांत सापडलेली लिपी 2018 मध्ये आली. व्हायकिंगांची रून लिपी तिथे 1999 पासूनच होती. वापरणारा समाज शतकांपूर्वी संपलेल्या लिपीला जागा आधी मिळाली आणि जिवंत भाषेला जवळपास वीस वर्षं नंतर.

एक सूचना

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती. ती 1876 मध्ये वाग्नरच्या ऑपेरासाठी केलेल्या वेशभूषेतून लोकांच्या डोक्यात बसली आणि अजून निघाली नाहीत. मृतांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. गोंडांच्या बाबतीत ती अडचण नाही. त्यांच्याविषयी एखादी रील किंवा पोस्ट पुढे पाठवण्याआधी कोणाला तरी विचारता येतं. तुमच्या वर्गात, ऑफिसात, शेजारी आत्राम, मडावी, उईके, गेडाम आडनावाचं कोणीतरी असेलच. त्यांच्या घरचे किती देवांचे आणि आजीने लिंगोची गोष्ट कशी सांगितली होती, एवढं विचारून बघा. तुम्हाला मिळणारी गोष्ट वर लिहिलेल्या गोष्टीपेक्षा थोडी वेगळी असण्याची शक्यता आहे. तीही नीट ऐका.