'म्युलर' या आडनांवाची कुळकथा

मोक्षमूलर भट्ट हें नांव आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस चांगलेंच परिचयाचें होतें. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ति प्रसिद्ध करणाऱ्या या जर्मन पंडितानें आपल्या नांवास हें संस्कृत रूप दिलें. जन्मभूमीस शर्मण्यदेश म्हटलें व ऑक्सफर्डास गोतीर्थ. मोक्षाचें मूळ हातीं देणारा, असा अर्थ भाविकांनीं त्यांत खुशाल पाहावा. परंतु मूळच्या जर्मन शब्दांत मोक्षही नाहीं आणि मूळही नाहीं. 'म्युलर' म्हणजे चक्कीवाला, लोकांचें धान्य दळून देणारा. जर्मनींत याहून अधिक आढळणारें आडनांव दुसरें नाहीं, आणि स्वित्झर्लंडांतही पहिला मान त्याचाच आहे.

चक्कीस जर्मन भाषेंत 'म्यूले' म्हणतात. हा शब्द जर्मनांचा स्वतःचा नव्हे. रोमन लोक ऱ्हाईन नदीच्या प्रदेशांत आले तेव्हां पाण्याच्या जोरावर फिरणारी चक्की त्यांच्याबरोबर आली, आणि चक्कीबरोबर तिचें उत्तरकालीन लॅटिन नांव 'मोलिना' हेंही आलें. चक्कीवाला तो 'मोलिनारियुस'. त्याचाच झिजून झिजून म्युलर झाला. त्यापूर्वीं हातानें फिरवावयाच्या जात्यास जुन्या जर्मन भाषेंत 'क्विर्न' असा शब्द होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध सोम कुटण्याच्या वैदिक 'ग्रावन्' शब्दाशीं जोडतात. म्हणजे ज्या आडनांवाच्या गृहस्थानें उभा जन्म ऋग्वेदांत घालविला, तें आडनांव ऋग्वेदाच्या एका सोयऱ्यास घराबाहेर काढून त्याच्या जागीं बसलें होतें! खुद्द त्या शब्दपंडितास ही गंमत खचित आवडली असती.

आमच्याकडे दळण हें पहांटे उठून घरोघरच्या बायकांनीं करावयाचें काम. त्यासाठीं गांवांत निराळा बलुतेदार नव्हता, म्हणून चक्कीवाल्याचें गांवांतील स्थान काय असावें याची कल्पना आपणांस सहज येत नाहीं. मध्ययुगीन जर्मनींत चक्की बांधण्याचा हक्क जमीनदाराचा असे, आणि पुष्कळ ठिकाणीं शेतकऱ्यानें आपलें धान्य नेमून दिलेल्या चक्कीवरच दळून आणलें पाहिजे अशी सक्ति होती. दुसरीकडे दळलें तर दंड. प्रशियानें ही सक्ति १८१० सालीं उठविली, यावरून ती किती काळ टिकली हें दिसेल. चक्कीवाला आपली मजुरी बहुधा पैशांत न घेतां धान्यांतूनच काढून घेई. किती काढलें हें त्याला ठाऊक आणि त्याच्या मापाला ठाऊक! दुसरीकडे जातां येत नाहीं आणि याचें माप तर पाहतां येत नाहीं, अशा पेचांत सांपडलेल्या शेतकऱ्याच्या मनांत त्याजविषयीं काय भावना असतील तें सांगावयास नको. चक्कीवाला चोर, ही समजूत इतकी दृढ झाली कीं, कित्येक नगरांतील कारागिरांचे संघ चक्कीवाल्याच्या मुलास आपल्या धंद्यांत उमेदवार म्हणूनही घेत नसत. अखेर १५४८ सालच्या साम्राज्याच्या पोलीस-कायद्यांत, विणकर, न्हावी, मेंढपाळ वगैरेंच्या पंक्तीस चक्कीवाल्यास बसवून, यांच्या मुलांना संघांनीं नाकारूं नये असें स्पष्ट लिहावें लागलें. आणि १५७७ सालीं तें पुन्हां लिहावें लागलें. एकच कायदा दोनदां करावा लागतो तेव्हां तो पाळला जात नव्हता असें समजण्यास हरकत नाहीं.

असा हा मनुष्य गांवाबाहेर ओढ्याकांठीं राहणारा, एकटा, आणि सर्वांना ज्याच्या दारीं जाणें भाग असा. गांवांत हान्स नांवाचे दहा इसम असले तरी 'चक्कीवाला हान्स' म्हटल्यावर घोटाळा होत नसे. बाराव्या शतकापासून पश्चिमेकडील व दक्षिणेकडील नगरांतून अशा उपनांवांचीं हळूहळू आडनांवें होऊं लागलीं, आणि म्युलर घराण्यांचे शेंकडों ओघ एकमेकांशीं कांहींएक नातें नसतां निरनिराळ्या ओढ्यांवर उगम पावले. उत्तरेकडे त्याचें म्योलर झालें, दक्षिणेकडे म्युल्नर. वरच्या चक्कीवरचा तो ओबरम्युलर, नव्या चक्कीवरचा नॉयम्युलर. लोहाराचें आडनांव श्मिट हेंही कमी पसरलेलें नाहीं. पण तें श्मिट, श्मिड, श्मिट्स अशा अनेक लेखनांत विभागलें गेलें, आणि म्युलरचें लेखन बव्हंशीं एकच राहिलें, हेंही त्याच्या पहिल्या क्रमांकाचें एक कारण आहे.

विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळांत विद्वानांस असलीं घरगुती नांवें लाजिरवाणीं वाटूं लागलीं. तेव्हां कोणी म्युलर लॅटिनमध्यें 'मोलिटोर' झाला, तसा शेतकरी बाउअर 'आग्रिकोला' झाला. पंधराव्या शतकांतील थोर ज्योतिर्विद रेगिओमाँटानुस (१४३६-१४७६) हा फ्रँकोनियांतील केनिग्सबेर्ग गांवचा. गांवाच्या नांवाचें लॅटिन भाषांतर होऊन त्याचें हें नांव रूढ झालें. त्याचें घरचें नांव योहानेस म्युलर.

आडनांव एकदां वंशपरंपरेनें चालूं लागलें म्हणजे धंद्याचा आणि त्याचा संबंध तुटतो. कुळकर्णी आडनांवाच्या डॉक्टरास आपण दप्तर कोठें आहे म्हणून विचारीत नाहीं. फ्रेडरिक राजाच्या कारकीर्दींत, १७७९ सालीं, ज्या चक्कीवाल्याच्या खटल्यानें सारें प्रशिया हादरलें, ज्याच्यासाठीं राजानें आपल्याच न्यायाधीशांस तुरुंगांत घातलें, त्याचें आडनांव होतें आर्नोल्ड! वरच्या बाजूस एका जमीनदारानें माशांचीं तळीं खणल्यामुळें चक्कीचें पाणी तुटलें, अशी त्याची तक्रार होती. राजाच्या मृत्यूनंतर निकाल फिरला, तो भाग निराळा. चक्की चालवी आर्नोल्ड, आणि त्याच सुमारास देसाउ येथें म्युलर नांवाचें एक कुटुंब शिंप्याचा धंदा करी.

विसाव्या शतकांत तर हें आडनांव काय सांगतें याची विदारक परीक्षा झाली. १९१९ सालीं व्हर्सायच्या तहावर सही करणारा व पुढें १९२८ ते १९३० पर्यंत जर्मनीचा पंतप्रधान असलेला समाजवादी पुढारी हेर्मान म्युलर. आणि १९३९ पासून गेस्टापोचा मुख्य असलेला हाइनरिश म्युलर. नाझी राजवटीनें माणसाचा वंश ठरविण्यासाठीं आजा-आजींचे जन्माचे व लग्नाचे दाखले मागविले. आणि १९३८ च्या हुकुमानें, त्यांनीं मंजूर केलेल्या यादींतील नांव नसेल त्या यहुदी पुरुषांना इस्राएल व स्त्रियांना सारा हें जादा नांव लावण्याची सक्ति केली. नुसत्या नांवावरून माणूस ओळखतां येत नाहीं, याची याहून उघड कबुली त्यांनीं दुसरी कोणती द्यावी?

देसाउच्या त्या शिंप्याचा मुलगा विल्हेल्म म्युलर (१७९४-१८२७) कवि निघाला. बर्लिनमधील एका सुसंस्कृत घरीं तरुण मंडळी मिळून गीतांचा खेळ रचीत असत. त्यांत आडनांवामुळें चक्कीवाल्याची भूमिका सहजच याच्या वांट्यास आली. त्यांतून चक्कीवाल्याच्या मुलीवरची त्याची गीतमाला जन्मास आली, आणि १८२३ सालीं शूबर्टनें तिला संगीत देऊन ती अजरामर केली. त्याच वर्षीं ६ डिसेंबरला कवीस मुलगा झाला. संगीतकार वेबर हा कवीचा स्नेही व या मुलाचा धर्मपिता. त्याच्या गाजलेल्या संगीतनाटकाच्या नायकाचें 'माक्स' हें नांव मुलास ठेवण्यांत आलें. वेबर म्हणजे विणकर, आजा शिंपी आणि नांव चक्कीवाल्याचें!

बाप गेला तेव्हां मुलगा चार वर्षांचाही नव्हता. मोठेपणीं इंग्लंडांत स्थायिक झाल्यावर त्यास वाटलें कीं, नुसत्या म्युलर नांवानें आपण गर्दींत हरवून जाऊं. म्हणून त्यानें माक्स हें आपलें स्वतःचें नांव आडनांवास जोडून टाकलें. १८९७ सालीं लोकमान्य टिळकांस राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हां त्यांच्या सुटकेच्या अर्जांत पुढाकार घेणारा आणि त्यांना तुरुंगांत ऋग्वेदाची दुसरी आवृत्ति पाठविणारा तो हाच. १९०० सालीं तो वारला. त्याचा मुलगा पुढें ब्रिटिश सरकारचा वकील म्हणून पोलंडांत होता. त्याच्या नांवापुढें आडनांव म्हणून लागे तें म्युलर नव्हे, माक्स-म्युलर.