मुलांचा आजार, सैनिकांवरचा पुरावा

लहान मुलाचा घसा सुजला की डॉक्टर कधीकधी पेनिसिलिनच्या गटातलं औषध देतात आणि बजावतात, दोन दिवसांत बरं वाटलं तरी दहा दिवस पूर्ण करा. का म्हणून विचारलंत तर उत्तर येतं, हृदयासाठी. आता घशाचा हृदयाशी काय संबंध? आणि तो आहे हे सिद्ध कसं झालं? तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, तर 'कंट्रोल ग्रुप'ची व्याख्या तुम्हाला पाठच असेल. त्या व्याख्येत जे मावत नाही ते या गोष्टीत आहे.

आधी आजार थोडक्यात. 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस' या जिवाणूमुळे घसा येतो, बरा होतो. काही मुलांना त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. हा रुमॅटिक फीवर. जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. सांधे पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपांवर, त्यातही मायट्रल झडपेवर, व्रण राहू शकतात. मग तो रुमॅटिक हार्ट डिसीज. पहिला झटका बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या वयात येतो.

गंमत बघा, सगळा घोळ त्या दोन-तीन आठवड्यांचा होता. मूल सुजलेले गुडघे घेऊन दवाखान्यात येईपर्यंत घसा साफ झालेला असायचा, कल्चरमध्ये बऱ्याचदा काही सापडायचं नाही. जे सापडायचं त्यावर संशय घेतला जायचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रेबेका लान्सफिल्ड यांना असाच एक संशयित तपासायला मिळाला, हिरवट कडा उमटवणारे 'व्हिरिडन्स' स्ट्रेप्टोकोकाय. कोलंबिया विद्यापीठातली १९२५ ची त्यांची पीएचडी याच जिवाणूंवरची, आणि निष्कर्ष काय, तर हे गुन्हेगार दिसत नाहीत. म्हणजे थीसिसचं उत्तर 'नाही'! (गाइडला असं उत्तर दाखवायची वेळ तुमच्यावरही येईल.) पुढे १९३३ मध्ये त्यांनीच स्ट्रेप्टोकोकायची ए, बी, सी अशी गटवारी लावली. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, इंग्लंडच्या ई. डब्ल्यू. टॉड यांनी रक्तातली अँटिबॉडी मोजायची पद्धत काढली. लॅबच्या रिपोर्टवर 'एएसओ टायटर' लिहितात ती हीच. जिवाणू निघून गेला तरी त्याची खूण रक्तात सापडू लागली आणि मधले आठवडे भरून निघाले.

तरी हा सहसंबंधच. स्ट्रेप आणि रुमॅटिक फीवर एकामागून एक येतात एवढंच यातून कळत होतं. प्राण्यांमध्ये हा आजार हुबेहूब उभा करता येत नव्हता. राहिला एकच मार्ग: घशातला जिवाणू मारायचा आणि हृदय वाचतं का ते बघायचं. तेही माणसांत.

ती संधी अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या फोर्ट वॉरन या लष्करी तळावर मिळाली. बराकीत दाटीने राहणारे तरुण भरती-जवान, स्ट्रेपच्या साथींवर साथी, आणि आजाऱ्याला काही आठवड्यांनी पुन्हा हुडकून तपासायची सोय. मुलांमध्ये हे जवळजवळ अशक्यच होतं. चार्ल्स रॅमेलकॅम्प यांच्या या गटात फ्लॉइड डेनी आणि लुइस वानामेकर होते, दोघेही पंचविशीतले, म्हणजे आपल्याच वयाचे. जवानाच्या लष्करी क्रमांकावरून ठरायचं की पेनिसिलिन द्यायचं की नाही. (आज असा प्रोटोकॉल लिहिलात तर परीक्षक पहिली हरकत इथेच घेतील, कारण कोण कुठल्या गटात जाणार हे आधीच ओळखता येतं.) १९५० मध्ये निकाल छापून आला. पेनिसिलिन मिळालेल्या ७९८ जणांपैकी २ जणांना रुमॅटिक फीवर झाला. न मिळालेल्या ८०४ पैकी १७ जणांना.

दुसरा आकडा नीट बघा. औषध न मिळालेल्यांतलेही जवळपास ९८ टक्के ठीकच राहिले. म्हणजे एखाद्या डॉक्टरने नुसत्या अनुभवावर 'मी औषध देत नाही, तरी काही होत नाही' म्हटलं असतं, तर ते त्याला खरंच वाटलं असतं. फरक दिसायला ८०४ जण औषधाविना ठेवावे लागले.

या १७ जणांचं काय? माझं मत असं की १९४९ मध्ये प्रश्न खरोखर अनुत्तरित होता, त्यामुळे तुलना समर्थनीय होती. पण उत्तर मिळाल्यावरही असे प्रयोग झाले. हेन्री बीचर यांच्या १९६६ च्या प्रसिद्ध लेखात अनैतिक संशोधनाची २२ उदाहरणं आहेत. त्यातलं पहिलंच याबद्दलचं: पेनिसिलिनने रुमॅटिक फीवर टळतो हे माहीत असूनही लष्करातल्या १०९ जणांना ते दिलं नाही, त्यातल्या दोघांना आजार झाला. प्रयोगाची रचना तशीच होती, बदललं होतं ते आधी असलेलं ज्ञान. एथिक्स कमिटीपुढे 'पूर्वीच्या संशोधनात असंच केलं होतं' हे उत्तर चालत नाही ते यामुळेच.

दुसरा प्रश्न, जवानांवरचा पुरावा मुलांना लागू होतो का? १९६१ मध्ये शिकागोच्या मुलांमध्ये उपचार न झालेल्या स्ट्रेपनंतर रुमॅटिक फीवरचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आलं. साथीतली बराक वेगळी, शहरातली रोजची घसादुखी वेगळी. आणि १९६३ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या सुजॉय रॉय यांच्या गटाने लॅन्सेटमध्ये याच्या अगदी उलट टोकाचं चित्र मांडलं: पाश्चात्त्य पुस्तकांत मध्यमवयाचा म्हणून शिकवला जाणारा मायट्रल झडपेचा तीव्र संकोच आपल्याकडे विशीच्या आतल्या मुलांमध्ये दिसत होता. घसा कधी आला होता, हे अशा अनेक घरांत आठवतही नसतं.

मुलांवरची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, उत्तर युगांडातली. सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत झडपेत नुकता बदल दिसलेली, पण लक्षणं नसलेली ५ ते १७ वर्षांची ८१८ मुलं निवडली. अर्ध्यांना दोन वर्षं दर चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, अर्ध्यांना काही नाही. इंजेक्शन घेणाऱ्यांत ३ मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ३३ मुलांचा. इतक्या सुरुवातीच्या टप्प्यावर इंजेक्शनचा उपयोग होतो का, यावर तोवर तज्ज्ञांतच एकमत नव्हतं. या वेळी क्रमांक बघून वाटणी झाली नाही, चिठ्ठी टाकल्यासारखी रँडम झाली. इको वाचणाऱ्यांना मूल कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं. आणि दुसऱ्या गटातल्या मुलांच्या पालकांना ते माहीत होतं. त्यांनी आधी होकार दिला होता.