आकाशाची लेक सबीहा

सबीहा हे नाव आपल्या घराघरांत आहे. उर्दू शाळेच्या हजेरीपटावर दर दोन-चार वर्षांनी एखादी सबीहा येतेच. परंतु याच नावाच्या एका मुलीने १९३७ साली लढाऊ विमान चालवले होते, हे आपल्या किती मुलींना ठाऊक आहे?

सबीहा गोकचेन हिचा जन्म १९१३ साली तुर्कस्तानातील बुर्सा शहरी झाला. लहानपणीच ती पोरकी झाली. १९२५ साली मुस्तफा कमाल अतातुर्क बुर्साला आले असता बारा वर्षांच्या या मुलीने त्यांना गाठले आणि बोर्डिंग शाळेत शिकण्याची इच्छा सांगितली. अतातुर्कांनी तिला मुलगी मानून अंकाराला नेले. १९३४ साली आडनावांचा कायदा झाला तेव्हा त्यांनीच तिला 'गोकचेन' हे आडनाव दिले. तुर्की भाषेत 'गोक' म्हणजे आकाश. गंमत अशी, की तोवर तिने विमानात पाऊलही ठेवले नव्हते!

५ मे १९३५ रोजी 'तुर्ककुशु' ही नागरी विमानविद्येची शाळा सुरू झाली. तेथील कसरती पाहून ती भारावली आणि विद्यार्थिनी झाली. पुढे ग्लायडरच्या शिक्षणासाठी मुलांच्या तुकडीबरोबर ती रशियात क्रिमियाला गेली. लष्करी विद्यालयांत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. तिच्यासाठी अपवाद करण्यात आला. खास गणवेश शिवला गेला आणि एस्किशेहिरच्या हवाई विद्यालयात तिने लष्करी विमाने चालवण्याचे शिक्षण घेतले. १९३८ साली तिने एकटीने बाल्कन देशांचा हवाई दौरा केला. नंतर अनेक वर्षे ती 'तुर्ककुशु'त मुख्य प्रशिक्षिका होती. २००१ साली तिचे निधन झाले. इस्तंबूलच्या एका विमानतळाला आज तिचे नाव आहे.

ही हकिकत मी वर्गात सांगते तेव्हा मुलींचे डोळे चमकतात. पण एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, तिने बॉम्ब कोणावर टाकले?"

या प्रश्नाला बगल देता येत नाही. १९३७ साली देर्सिमच्या डोंगरात कुर्द अलेवी लोकांविरुद्ध सरकारने मोहीम काढली. सबीहाने तेथे बॉम्बफेक केली आणि तिला रत्नजडित पदकही मिळाले. खाली परकी फौज नव्हती, तिच्याच देशाचे नागरिक होते. २०११ साली तुर्कस्तानचे पंतप्रधान एर्दोगान यांनी सरकारी कागदाच्या आधारे मृतांचा आकडा १३,८०६ सांगितला आणि माफी मागितली.

मग सबीहाचे नाव मुलींना सांगायचे की नाही? मला वाटते, सांगायचेच. पण पुरते सांगायचे. पोरक्या मुलीला तालीम मिळाली, तर ती आकाशात जाते, हे सत्य आहे. राज्यकर्त्यांनी पंख दिले, की कधी कधी ते त्यांच्या जुलमासाठीही वापरावे लागतात, हेही सत्यच आहे. पहिले सत्य आपल्या मुलींच्या आईबापांना ऐकवायला हवे. दुसरे मुलींनी स्वतः ध्यानात ठेवायला हवे.

त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी शाबासकी दिली. उडायला हिंमत लागते. खाली कोण आहे, हे विचारायलाही लागते.