किल्ल्यातील एक दिवस

फेब्रुवारी उजाडला की वसईकर ख्रिस्ती कुटुंबांना किल्ल्याची आठवण होते. संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला आम्हीही तेथे गेलो होतो. वाटेवर चिमाजी आप्पांचा पुतळा लागतो. पुढे माडाताडांत उभ्या असलेल्या काळवंडल्या भिंती आणि त्यांत येशूसंघीयांचे जुने मंदिर. लाल लुगड्यातील आज्या, त्यांच्या बोटाला धरून आलेली नातवंडे आणि गायनमंडळाचे सूर यांनी तो भग्न परिसर एक दिवस पुन्हा नांदता झाला होता.

मिस्सा आटोपल्यावर एका लहानग्याने विचारले, “फादर, हे संत फादर होते ना?” आम्ही नाही म्हणताच तो चकित झाला.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास येथलाच. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीयांच्या हाताखाली शिकून ते कोवळ्या वयात जपानला गेले आणि जपानी भाषेत पारंगत झाले. धर्मशिक्षक म्हणून त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. परंतु संघात प्रवेश मिळण्याची आशा फळली नाही. ते व्यापारात शिरले, त्यात यशही आले. तरी मन रमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी होऊन ते जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर हौतात्म्य आले, त्यांत आपला हा वसईकर होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

पुढे १७३९ च्या मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. येथल्या घंटा दूरदूर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. राहिली ती शेतकरी, कोळी कुटुंबे आणि त्यांची सेवा करणारे गोव्याकडील एतद्देशीय धर्मगुरू. तट आणि तोफा यांनी जे राखले नाही, ते घरच्या सांजप्रार्थनेने राखले.

दुपारी भिंतीच्या सावलीत शिदोऱ्या सुटल्या. तोच लहानगा पुन्हा आमच्याजवळ आला. प्रार्थनेचे मराठी पुस्तक त्याच्या हाती दिले, तर त्याला ते वाचता येईना. आजीने शब्दावर बोट ठेवले आणि तो अडखळत तिच्यामागून म्हणू लागला.

आम्हास वाटले, दुभाष्या संताचा सण याहून अधिक योग्य रीतीने कसा साजरा व्हावा? परक्यांची भाषा शिकून त्यांनी ख्रिस्त परक्यांपर्यंत नेला. आमच्यापुढील काम त्याहून जवळचे, परंतु कदाचित अधिक कठीण आहे: आजीची प्रार्थना नातवापर्यंत पोहोचवण्याचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मराठी वेदीवर आली. ती घरातून निघून जाऊ नये, एवढे तरी आम्ही वसईकरांनी पाहावे.