भिंतीमागचा डोंगर

धरणाची आपत्ती म्हटली की मराठी माणसाला पानशेत आठवते. 12 जुलै 1961 रोजी मातीचा बांध फुटला, पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, आणि संकट येते ते भिंत फुटूनच, ही समजूत आपल्या मनात कायमची बसली. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री, उत्तर इटलीतल्या वायोन्त येथे याच्या अगदी उलट घडले. 261.6 मीटर उंचीचे कमानी धरण जागच्या जागी शाबूत राहिले आणि त्याच्या पायथ्याशी वसलेले लोंगारोने हे गाव काही मिनिटांत पुसले गेले. भिंत फुटली नव्हती; भिंतीमागच्या पाण्यात डोंगर येऊन पडला होता. धरण म्हणजे नुसती भिंत नसते, तिच्यामागे मैलोन् मैल भिजत राहणारे डोंगरही त्याच बांधकामाचा भाग असतात, ही गोष्ट आजच्या अभियंत्याला शिकताना नवी वाटत नाही. ती पटायला मात्र दोन शतके लागली. त्या दोन शतकांचा माग काढत आपण जाऊ.

वाटेच्या आरंभी एक फ्रेंच लष्करी अभियंता भेटतो. शार्ल ऑगस्टिन कूलाँब याने कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात उमेदीची वर्षे घालवली आणि 1773 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. 1776 मध्ये तो छापून आला. मातीचा ढीग दोन गोष्टींच्या जोरावर उभा राहतो, कणांमधले घर्षण आणि कणांचे एकमेकांना चिकटून राहणे, असे त्याने मांडले आणि हिशेबासाठी घसरणीची रेषा सरळ धरली. पुढे सत्तर वर्षांनी त्याचाच देशबांधव अलेक्सांद्र कोलँ कालव्यांच्या कामावर असताना त्या सरळ रेषेबद्दल साशंक झाला. त्याने घसरलेले काठ खणून पाहिले, आतली घसरणीची पृष्ठे मोजली आणि ती बाकदार असल्याचे नोंदवले. शिवाय चिकणमातीत पाणी मुरले की तिची ताकद कशी ढासळते, हे प्रयोग करून दाखवले. 1846 साली त्याचा ग्रंथ निघाला आणि कपाटात पडून राहिला. इंग्रजीत तो आला थेट 1956 मध्ये. तोवर कोलँने लिहिलेले जवळजवळ सगळे इतरांनी नव्याने शोधून काढले होते.

कोलँचा ग्रंथ असा धूळ खात असताना गढवालात डोंगरानेच एक धरण बांधले. सप्टेंबर 1893 मध्ये अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेच्या खोऱ्यात, गोहना गावापाशी, एक प्रचंड कडा नदीपात्रात कोसळला आणि सुमारे 900 फूट उंचीचा दगडमातीचा बांध तयार झाला. मागे तलाव साचू लागला. अधीक्षक अभियंता पुलफर्ड याने जागेची पाहणी करून अंदाज बांधला की तलाव भरायला जवळपास वर्ष लागेल आणि 1894 च्या ऑगस्टच्या मध्यास पाणी बांधावरून वाहू लागेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा टी. एच. हॉलंडही तिथे जाऊन आला. बांध फोडायचा नाही आणि अडवायचाही नाही, फक्त खालचे खोरे मोकळे करायचे, असे ठरले. गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत तारेची ओळ टाकली गेली. पूर कुठवर चढेल याची खूण म्हणून खोऱ्यात जागोजाग खांब उभे राहिले, झुलते पूल उतरवून ठेवले गेले, लोकांना वर हलवले गेले. 25 ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला. साडेचार तासांत सुमारे 1,000 कोटी घनफूट पाणी खाली गेले आणि अलकनंदेकाठचे श्रीनगर वाहून गेले. जीव गेले ते पाच: खांबांच्या वर नेऊन सोडल्यावरही पुन्हा खाली परतलेला एक फकीर आणि त्याचे कुटुंब. उरलेला तलाव पुढे 1970 च्या जुलैतल्या महापुरात फुटला, ती कथा वेगळी. आपल्यापुरते लक्षात ठेवायचे ते एवढेच, की पुलफर्डला डोंगर आवरता आला नाही, पण डोंगराचे वेळापत्रक वाचता आले आणि त्या वाचनावर हुकूम निघू शकला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा विषय स्वीडनच्या रेल्वेकडे गेला. तिथली चिकणमाती लोहमार्ग आणि बंदरांचे धक्के वरचेवर गिळत असे. 1914 मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेने भूतांत्रिक आयोग नेमला. वोल्मार फेलेनियस त्याचा अध्यक्ष होता. 1916 मध्ये गोथेनबर्गचा एक धक्का घसरला आणि त्या तपासातून वर्तुळाकार घसरणीचा हिशेब रुजला. आज विद्यार्थी तो फेलेनियसच्या नावाने शिकतात. इस्तंबूलमध्ये शिकवत असलेल्या कार्ल तेर्झागीने मात्र खरी कळ हेरली. 1925 साली व्हिएन्नात छापलेल्या ग्रंथात त्याने दाखवले की मातीची ताकद ठरते ती कणांनी एकमेकांवर टाकलेल्या दाबावर, आणि फटींतले पाणी त्या दाबातला वाटा स्वतःकडे घेते. डोंगराच्या पोटात पाण्याची पातळी चढली की डोंगराचे वजन तेवढेच राहते, पण त्याला जागेवर धरून ठेवणारे घर्षण कमी होते. कोलँने जे पाहिले होते त्याचे कारण आता हाती आले.

धरणे बांधणारे मात्र अजून भिंतीकडेच पाहत होते. 12 मार्च 1928 रोजी कॅलिफोर्नियातले सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्रीच्या सुमारास फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मेली. मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड त्याच दिवशी गळती पाहून, काळजीचे कारण नाही असे सांगून गेला होता. धरणाची डावी बाजू ज्या डोंगरात रुतवली होती तो डोंगर स्वतःच एका प्राचीन दरडीचा ढिगारा होता, हे बऱ्याच दशकांनी उघड झाले. 1936 मध्ये वॉशिंग्टन राज्यात ग्रँड कूली धरणाच्या पायाचे खोदकाम चालू असता ओला गाळ सरकत खड्ड्यात उतरू लागला. तेव्हा अभियंत्यांनी त्यात नळ्या घालून, त्यांतून गोठवणारे द्रावण फिरवून, गोठलेल्या मातीची एक कमान तयार केली आणि तिच्या आडोशाला काम पुरे केले. युक्ती नामी होती, पण लक्ष पुन्हा खड्ड्यापुरतेच राहिले. तलाव भरू लागला तशा काठावरच्या दरडी शेकड्यांनी कोसळू लागल्या. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1941 ते 1953 मधल्या या दरडींची मोजदाद केली तेव्हा दिसले की जवळजवळ निम्म्या पहिल्या दोन वर्षांत, तलाव प्रथमच भरताना, सुटल्या होत्या आणि इतरांतल्या बऱ्याच पाणी झपाट्याने उतरवल्यावर. चढणारे पाणी डोंगराचा पायथा हलका करते, आणि उतरताना बाहेरचे पाणी निघून जाते पण आत मुरलेले मागे अडकते. अहवाल छापला गेला 1961 मध्ये.

त्याच सुमारास वायोन्तचे पाणी दुसऱ्यांदा चढवले जात होते. 1960 च्या फेब्रुवारीत तलाव भरायला घेतला, त्याआधीच शेजारच्या पोंतेझेई तलावात दरड पडून एक माणूस मेला होता. धरणाचा अभियंता कार्लो सेमेन्झा याने सल्लागार म्हणून ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड म्युलरला बोलावले आणि भूवैज्ञानिक म्हणून स्वतःचा मुलगा एदोआर्दो याला जागा पाहायला लावली. एदोआर्दो आणि फ्रान्को जुदिची यांनी जून 1960 मध्ये अहवाल दिला, की डाव्या काठावरच्या तोक डोंगरावर सुमारे 20 कोटी घनमीटरची एक जुनी दरड आहे आणि ती पुन्हा हलू शकते. अहवालाचा प्रत्यय यायला नोव्हेंबर उजाडला. 4 तारखेला 7 लाख घनमीटर दगडमाती तलावात पडली आणि डोंगराच्या अंगावर दोन किलोमीटर लांबीची, इंग्रजी एम अक्षरासारखी भेग उमटली. त्याआधी या काठावरच्या गावकऱ्यांची भीती छापणाऱ्या तिना मेर्लिन या पत्रकार बाईंवर खोटी बातमी पसरवल्याचा खटला भरला गेला होता. कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले.

धरण सोडून देणे ते बांधणाऱ्या वीज कंपनीच्या हिशेबात बसत नव्हते. मग असा विचार पुढे आला की पाणी जपून चढवायचे आणि उतरवायचे, डोंगराला इंच इंच सरकू द्यायचे, म्हणजे तो आपसूक थांबेल. दरडीने तलावाचे दोन तुकडे झाले तर पाणी फिरावे म्हणून उजव्या काठातून बोगदाही काढला. खाली नोव्हे येथे तलावाची छोटी प्रतिकृती करून, तिच्यात गारगोट्या लोटून लाटा मोजल्या गेल्या आणि 700 मीटरची पातळी सुरक्षित ठरली. 1961 मध्ये कार्लो सेमेन्झा वारला, 1963 मध्ये वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण होऊन धरण नव्या धन्याकडे गेले, आणि त्या सप्टेंबरात पाणी 710 मीटरवर पोचले. डोंगराची गती वाढली तशी पातळी उतरवायला घेतली. पण आत मुरलेले पाणी आतच राहिले, पाऊस पडत होता, आणि सरकण्याचा वेग दिवसाला 20 सेंटिमीटरपर्यंत गेला. 8 ऑक्टोबरला तोकच्या उतारावरच्या लोकांना हलवण्याचा आदेश निघाला. खालच्या लोंगारोनेला कोणी काही कळवले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री 10 वाजून 39 मिनिटांनी सुमारे 27 कोटी घनमीटर डोंगर एका तुकड्यात, आगगाडीच्या वेगाने तलावात उतरला. त्या वेळी पातळी जवळपास 700 मीटर होती, म्हणजे प्रतिकृतीने सुरक्षित ठरवलेली. लाट भिंतीवरून शंभरावर मीटर उंच उसळून गेली. सुमारे 2,000 माणसे मेली. पुढे हेंड्रन आणि पॅटन या अमेरिकी अभ्यासकांनी 1985 मध्ये चुनखडीच्या थरांमधली चिकणमातीची पातळ पटले आणि त्यांच्याखाली पावसाने वाढणारा दाब पुराव्यानिशी मांडला.

वायोन्तनंतर धरणाची हद्द बदलली. कॅनडात कोलंबिया नदीवर रेव्हलस्टोक धरण आखताना अभियंत्यांपुढे वरच्या अंगाला डाउनी नावाची एक प्राचीन दरड होती, सुमारे 150 कोटी घनमीटरची, म्हणजे वायोन्तच्या पाचपटीहून मोठी. असला डोंगर कापता येत नाही आणि टेकूही देता येत नाही. त्यांनी त्याच्या पोटात दोन किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे काढले, बोगद्यांतून भोके पाडून आतले पाणी वाहून जाऊ दिले आणि मगच, 1984 मध्ये, तलाव भरला. न्यूझीलंडमध्ये क्लाइड धरणाचे काम निम्म्यावर आल्यावर वरच्या क्रॉमवेल घळीतल्या दरडींचा धोका ध्यानात आला. भिंत उभी होत असताना काठ सुकवण्यासाठी किलोमीटरच्या किलोमीटर बोगदे खणावे लागले आणि तलाव भरायला 1992 उजाडले. तेर्झागीचे सूत्र कागदावरून डोंगराच्या पोटात उतरले ते असे. भिंतीइतकेच बांधकाम आता काठांवर होऊ लागले.

पण काठ वाढतच गेले. चीनच्या तीन घळी प्रकल्पात 2003 च्या जूनमध्ये पाणी 135 मीटरवर चढले आणि 13 जुलैला एका उपनदीवरच्या चिअन्जियांगपिंगची 2.4 कोटी घनमीटरची दरड सुटून 24 माणसे गेली. ग्रँड कूलीची शिकवण पुन्हा एकदा खरी ठरली. पुढे पूर झेलण्यासाठी हा तलाव दरवर्षी 175 वरून 145 मीटरवर उतरवण्याचे ठरले, म्हणजे तीस मीटर उंचीचा काठ दरसाल भिजतो आणि सुकतो. आपल्याकडच्या टिहरीत हा फरक आणखी मोठा आहे. 260.5 मीटर उंचीच्या या धरणात ऑक्टोबर 2005 पासून पाणी साठू लागले. पूर्ण पातळी 830 मीटर आणि किमान पातळी 740 मीटर, म्हणजे मध्ये नव्वद मीटर. भागीरथीच्या काठावरच्या गावांत घरांना भेगा पडल्या आणि बुडीत रेषेच्या वर राहणाऱ्यांच्याही पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव दरडीखाली गेले तेव्हा जवळच्या डिंभे धरणाकडेही बोट दाखवले गेले. तपासात अतिवृष्टी आणि उतारावरची माणसाची छेडछाड पुढे आली. कारण वेगळे निघाले तरी तो प्रश्न विचारला गेला, आणि पन्नास वर्षांपूर्वी तो कोणाच्या मनातही आला नसता.

ईशान्येत ऑक्टोबर 2023 मध्ये लोअर सुबनसिरी धरणाच्या कामावरचा, नदी वळवणारा चालू असलेला एकमेव बोगदा दरडीने बुजला आणि खालची नदी काही काळ जवळजवळ कोरडी पडली. सिक्कीममध्ये ऑगस्ट 2024 मध्ये तिस्ता-5 जलविद्युत प्रकल्पाच्या वीजगृहावर डोंगर आला. या वाटेच्या आजच्या टोकाला आपल्यापाशी उपग्रहांचे रडार आहे, जे डोंगराचे मिलिमीटरमधले सरकणे टिपते. विंधनविहिरींत बसवलेली दाबमापके आहेत, आणि जुनी दरड ओळखण्याचे शास्त्र तर एदोआर्दो सेमेन्झापाशीही होते. वायोन्तला माहितीची वाण नव्हती. ज्याला माहिती होती त्याच्या हातात पाण्याची कळ नव्हती, आणि कळ ज्याच्या हाती होती त्याला प्रत्येक मीटर पाण्यात वीज आणि पैसा दिसत होता. गोहन्यात तलावाला मालक नव्हता, म्हणून पुलफर्डच्या अंदाजावर सरळ खोरे रिकामे करता आले. आज त्याच अलकनंदेवर, तेव्हा वाहून गेलेल्या श्रीनगरच्या वर, 330 मेगावॉटचा प्रकल्प वीज काढतो आहे. असल्या प्रत्येक प्रकल्पाच्या परवानगीत धरणाच्या उंचीइतक्याच ठसठशीतपणे एक ओळ लिहिलेली असायला हवी: काठ किती सरकला की पातळी उतरवायची आणि गावे हलवायची, आणि तो हुकूम वीज विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या सहीने निघेल.